झाकण उघडायचं नाही

“लहानू, शर्टाची बटणं काढ आणि बाळाला छातीशी धर,” वृंदा पुन्हा म्हणाली, आणि लहानूने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

“माझ्यानं नाय व्हायचं, डाक्टरबाई. पाचवी होऊ द्या. मंग तुमी म्हनाल ते करतो.”

“पाचवीपर्यंत थांबायला ती पंचांग बघून आलेली नाही. तिला ऊब आत्ता पाहिजे. आईच्या अंगावर ठेवता येत नाही, म्हणून बापाला सांगतेय.”

तो भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिला. वृंदाने एक सुस्कारा सोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आण तुझी पेटी.”

डॉ. वृंदा टिळेकर ही माझी वसतिगृहातली खोलीमैत्रीण. शहरात दवाखाना थाटायचा सोडून ती अकोले तालुक्यात पार डोंगराच्या कुशीत एका धर्मादाय संस्थेच्या छोट्या रुग्णालयात जाऊन बसली होती. मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पॉलिमरवर काम करत होते. त्या डिसेंबरात मी तिच्याकडे आले होते ती आमची पेटी दाखवायला. कापडी बाहुली पेटीत घालायची, रुग्णवाहिकेतून घाट उतरायचा, आकडे घ्यायचे आणि संध्याकाळी वृंदाच्या हातची बाजरीची भाकरी खायची, एवढाच माझा बेत होता. पण त्या पहाटे लहानूची बायको मंदा बाळंत झाली, महिनाभर आधीच. मुलगी झाली. जीव म्हणावा तर दोन्ही तळहातांत मावेल एवढा, आणि श्वास अडखळत चाललेला. तिला संगमनेरच्या मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं होतं. इकडे मंदाचा रक्तस्राव थांबत नव्हता, त्यामुळे वृंदाला जागचं हलता येत नव्हतं. बाहुलीची जागा एका जिवंत बाळाने घेतली.

ही पेटी म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळेच झाला. केक फुगवतात तसं आम्ही प्लॅस्टिक फुगवायचो. फुगवण्याआधी त्यात कार्बनच्या नळ्या कालवायच्या. या नळ्या इतक्या बारीक की त्यांच्यापुढे केस म्हणजे वडाचं खोड. त्यातून जो काळा फेस तयार होतो त्याचे दोन गुण. त्याच्या बुडबुड्यांत कोंडलेली हवा आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, आणि नळ्यांचं जाळं विजेचं वाहक असल्यामुळे रेडिओलहरींना आरपार जाऊ देत नाही. शिवाय वजनाला अगदी हलका. माझ्या मावशीला मी हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे काळं थर्माकोल.” मी हो म्हणून मोकळी झाले.

आमचे देवस्थळी सर या फेसावर भलते खूश होते. प्रयोगशाळेत कुणी पाहुणा आला की ते त्याचा मोबाइल मागून घ्यायचे, पेटीत ठेवून झाकण लावायचे आणि आपल्या फोनवरून त्या नंबरला फोन लावायचे. तिकडून बाई सांगायची की आपण ज्या ग्राहकाशी संपर्क साधू इच्छिता तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. सर फोन सगळ्यांना ऐकवायचे आणि म्हणायचे, “ग्राहक इथेच आहे, वीतभर अंतरावर.” पाहुणे हसायचे. आम्ही तो विनोद इतक्या वेळा ऐकला होता की हसायची पाळी आमच्यात वाटून घेतली होती.

पेटी बनली ती मात्र वृंदामुळे. एका लग्नाच्या पंगतीत तिने मला तिचं गाऱ्हाणं सांगितलं होतं. अशक्त बाळ रुग्णवाहिकेतून पाठवायचं, त्याच्या अंगाला ठोके मोजणारी तार लावायची, आणि गाडी सुरू झाली की गाडीतला वायरलेस, सायरन आणि इन्व्हर्टर मिळून त्या यंत्राच्या डोक्याचा पार भुगा करायचे. बाळ ठणठणीत असायचं आणि यंत्र बोंबलायचं. मग सोबतची सिस्टर घाबरून दुपटी सोडायची, बाळाला तपासायची, पुन्हा गुंडाळायची, पुन्हा यंत्र ओरडायचं, पुन्हा सोडायची. “माझी बाळं आजाराने कमी आणि काळजीने जास्त गार पडतात,” वृंदा म्हणाली होती. दर खेपेला वारा लागून लागून बाळ खाली पोचेपर्यंत बर्फ झालेलं असायचं, आणि दोन बाळं तिने अशी गमावली होती. तेव्हा तिला हवी होती अशी पेटी, जी ऊब धरेल, बाहेरच्या लहरी अडवेल आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जी वाटेत उघडावी लागणार नाही. ते शेवटचं मी झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहूनही टाकलं होतं : वाटेत झाकण उघडायचं नाही.

त्या सकाळी मी पेटी घेऊन गाडीत गेले, ती स्ट्रेचरला पट्ट्यांनी घट्ट बांधली, आतली गरम पाण्याची पिशवी बघितली, प्राणवायूची नळी आत सोडायचं भोक पुसून घेतलं. मी गाडीत गुंतले असताना आत वॉर्डात वेगळंच घडत होतं. आमच्या पेटीबरोबर ठोके मोजायची जी तार होती, तिचा चिमटा त्या बाळाच्या पायाला फार मोठा होत होता, सारखा निसटत होता. सिस्टर भांगरेंना आठवलं की कपाटात नवा कोरा पट्टा पडलाय. कुणा देणगीदाराने दिलेला, इवलासा, मऊ, तारेची भानगडच नाही. पायाला बांधला की ठोके थेट हातातल्या पाटीसारख्या पडद्यावर दिसतात. त्यांनी तो बांधला. पडद्यावर लगेच हिरवी रेघ नाचायला लागली. वृंदाने मान डोलावली. कोणीही डोलावली असती. मग बाळाला टोपडं, मोजे, दुपटं असं सगळं चढवून त्यांनी बाहेर आणलं, तेव्हा मला दिसलं ते फक्त नाक.

रोहिणी भांगरे सिस्टर त्याच भागातल्या. मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या आणि कुणालाही न जुमानणाऱ्या. त्या पेटीच्या उशाशी प्राणवायूच्या नळकांड्यापाशी बसल्या. मी पायथ्याशी. लहानू समोरच्या बाकावर बसला आणि बसल्या बसल्या त्याने मान वळवून मागच्या काचेतून बाहेर बघायला सुरुवात केली. पेटीत पोरीला ठेवताना त्याने डोळे मिटून घेतलेले मी पाहिले. माझं डोकं तडकलं. मुलगी झाली म्हणून एवढं? मी सिस्टरच्या कानाशी तसं पुटपुटलेसुद्धा.

“नाही हो मॅडम, मुलीचं नाही ते,” सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. “त्याचं दुखणं निराळंय.”

निसारभाईंनी गाडी सुरू केली. ते या रस्त्यावर इतकी वर्षं गाडी चालवत होते की घाटातला प्रत्येक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक होता. सिस्टरनी झाकण लावलं, मी कड्या चढवल्या. बाहेर धुकं इतकं की पुढचं वळण वळल्यावरच दिसत होतं. मागच्या दाराचं रबर कधीचं गेलेलं, तिथून गार वारा सुरीसारखा आत येत होता. पेटीच्या बाजूला आतलं तापमान दाखवणारी छोटी तबकडी होती. तिच्यातला काटा हिरव्या पट्ट्यात ठाम उभा होता. मला जरा बरं वाटलं. आपण काहीतरी कामाचं केलंय असं वाटण्याची संधी प्रयोगशाळेत फारशी येत नाही.

पहिलं वळण संपायच्या आत सिस्टरच्या मांडीवरचा पडदा किंचाळला.

हिरवी रेघ सपाट झाली होती.

सिस्टरनी एका झटक्यात कड्या काढल्या आणि झाकण उघडलं. वारा आत घुसला. बाळाने नाक फेंदारलं, तोंड वाकडं केलं. आणि पडद्यावर रेघ पुन्हा नाचायला लागली, काही झालंच नाही अशी.

“अगं बया,” सिस्टर म्हणाल्या. त्यांनी बाळाची छाती चाचपली, ओठांचा रंग बघितला, नळी सारखी केली आणि झाकण लावलं. आम्ही दोघी पडद्याकडे डोळे लावून बसलो. थोड्या वेळाने रेघ पुन्हा सपाट झाली आणि यंत्राने पुन्हा गळा काढला. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा ठोके सुरू.

“पेटी बाधतेय हिला,” सिस्टर म्हणाल्या. “आत जीव गुदमरतोय तिचा. झाकलं की थांबतंय.”

“भायेर काढा तिला,” लहानू काचेकडे बघतच म्हणाला. “मी आधीच म्हनत व्हतो, पेटीत घालू नका. आपल्यात मेल्यावर घालत्यात पेटीत.”

निसारभाईंनी गाडी कडेला घेऊन थांबवली. तबकडीतला काटा हिरव्या पट्ट्याच्या कडेवर आला होता. आत हवा होती, प्राणवायू होता, ऊब होती. मग झाकण लावल्यावर हृदय का थांबावं? मी वाकून दुपट्याची कड बाजूला केली, तर पायाला तार नव्हती. तिथे एक इवलासा निळा पट्टा होता.

आणि मला देवस्थळी सरांचा तो शिळा विनोद आठवला. ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर. ग्राहक इथेच आहे, वीतभर अंतरावर.

मी हसले. त्या जागी, त्या वेळी मला खरंच हसू फुटलं, आणि सिस्टरनी माझ्याकडे असं पाहिलं की मला गाडीतून खाली ढकलायचीच काय ती बाकी होती.

“सिस्टर, हृदय थांबत नाहीये,” मी म्हणाले. “त्या पट्ट्याचा निरोप बाहेर येत नाहीये. तो बिनतारी आहे. ही पेटी लहरी अडवते, बाहेरच्या आत येऊ देत नाही तशा आतल्याही बाहेर जाऊ देत नाही. झाकण लावलं की पडदा आंधळा होतो. बाळ जसंच्या तसं आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

हे नक्की मी ठासून म्हटलं खरं, पण झाकण लावल्यावर आत काय चाललंय हे मलाही दिसणार नव्हतं. आणि सिस्टरनी नेमका तोच प्रश्न विचारला. पडदा आंधळा होतो हे कबूल. मग झाकल्यावर खरंच थांबलं, तर कळणार कसं? श्वास अडखळणारं बाळ आहे, मध्येच श्वास घ्यायचं विसरतं, तेव्हा त्याला जागं करावं लागतं. ते कळायला ठोके दिसायला हवेत. झाकण किलकिलं ठेवून पाहिलं, तर रेघ लंगडत लंगडत येत होती, पण काटा हिरव्यातून खाली उतरायला लागला. परत फिरावं तर वर अशा बाळाची सोय नव्हती, आणि तारेचा चिमटा तिच्या पायाला बसतच नव्हता. पडदाच पेटीत ठेवावा तर तेवढी जागा नव्हती. वृंदाला फोन लावावा तर घाटात फोनला रेंज नाही. झाकण उघडं ठेवलं तर पोर थंडीने जाणार होती, आणि लावलं तर ती कधी गेली हे आम्हाला कळणारही नव्हतं.

पेटीच्या एका अंगाला हात घालायची जागा होती. नळी सरकली तर झाकण न उघडता नीट करता यावी म्हणून आम्ही तिथे त्याच काळ्या लेपाच्या कापडाची बाही शिवली होती. मनगटाशी नाडी ओढली की फट राहायची नाही. मी तिच्यातून हात आत घातला, बोटं बाळाच्या छातीवर टेकवली. ठोके लागले, जोरजोरात. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की ते ठोके माझे आहेत. भीतीने माझीच बोटं धडधडत होती. कितीही प्रयत्न केला तरी त्या धडधडीतून बाळाचे ठोके वेगळे काढता येईनात. सिस्टरचा हात पोचत नव्हता, त्या उशाशी अडकल्या होत्या. गाडी चालली की हिसक्याने प्राणवायूची नळी सारखी निसटायची, आणि ती नीट धरणं त्यांनाच जमत होतं. पेटी फिरवावी तर ती पट्ट्यांनी बांधलेली. बाहीचं तोंड होतं समोरच्या बाकाकडे.

समोरच्या बाकावर लहानू होता.

“लहानू,” सिस्टर म्हणाल्या, “हात घाल आत.”

तो काचेकडे बघत राहिला.

“आत काही दिसत नाही, काळोख आहे नुसता. तोंड बघायचं नाही, फक्त हात घालायचाय. पाचवीचं बंधन डोळ्यांना असेल, हाताला नाही ना?”

“सिस्टर, तुमाला सगळं म्हाईत हाय,” तो म्हणाला. “तुमी तरी आसं म्हनू नका.”

“मला ठाऊक आहे. या मॅडमना नाही. त्यांना वाटतंय, मुलगी झाली म्हणून तू तोंड फिरवलंस.”

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तिशीही न ओलांडलेला माणूस, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. त्याला राग आला नव्हता. उलट असं काही कुणी समजू शकतं याचंच त्याला नवल वाटलेलं दिसत होतं.

“हिच्या आधी दोन झाली, मॅडम,” तो म्हणाला. “एक पोरगा, एक पोरगी. दोघांचंबी तोंड मी पहिल्याच दिशी बघितलं. माझ्याच्यानं ऱ्हावलं नाय. घेऊन बसलो मांडीवर. दोघंबी टकामका बघत व्हती माझ्याकं. पाचवीबी नाय पुजली त्यांची. मपली नजर वाईट हाय. आई म्हनली, आता हिची पाचवी होस्तवर तिकडं फिरकू नको. मी तर म्हनतो, सटवाईनं हिचं कपाळ लिहून होऊ दे, मंग जन्मभर बघीन. पर आदुगर नाय.”

निसारभाईंनी आरशातून मागे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. मला मघाशी त्याचा आलेला राग आठवून लाज वाटली. नजर लागत नाही, हे मी सांगून त्याला पटणार नव्हतं. दोन बाळं पुरलेल्या माणसाला असलं शहाणपण कोण सांगणार?

“मी हात घातला आन् काय झालं तर?” त्याने विचारलं. हे त्याने मला विचारलं.

“हात नाही घातला तर आम्हाला काही कळणारच नाही,” मी म्हणाले. “मला जमत नाहीये, लहानूभाऊ. मला माझेच ठोके लागतायत. तुमच्यावाचून दुसरं कोणी नाही.”

त्याने आधी दोन्ही हात एकमेकांवर चोळले, तोंडाजवळ नेऊन वाफ दिली. मग शर्टाच्या बाह्या वर सारल्या, मान काचेकडे वळवली आणि डोळे मिटून हात आत घातला. सिस्टरनी झाकण लावलं. मी कड्या चढवल्या आणि बाहीची नाडी आवळली. यंत्राने लगेच गळा काढला. सिस्टरनी ते बंद करून बाकाखाली सारलं.

“लई ऊन हाय आत,” तो पहिल्यांदा एवढंच म्हणाला, आश्चर्याने.

“छाती सापडली का? डाव्या अंगाला दोन बोटं ठेव. दाबायचं नाही, नुसती टेकव.”

बराच वेळ काही नाही. मग त्याचा चेहरा बदलला. पाखरू मुठीत धरल्यावर माणूस जसा स्वतःचा श्वास रोखतो, तसा त्याने रोखला.

“लागतंय,” तो म्हणाला. “बारीक हाय. पर लागतंय.”

“निसारभाई, चला,” सिस्टर म्हणाल्या.

घाट उतरताना मग गाडीत एकच शब्द चालू राहिला. लहानू म्हणायचा, “चालू हाय.” थोड्या वेळाने पुन्हा, “चालू हाय.” वळण आलं की निसारभाई मागे न बघता विचारायचे, “हां, लहानू?” आणि तो सांगायचा, “चालू हाय.” सिस्टर नळी धरून मान डोलवायच्या. मी तबकडीकडे बघत होते. काटा हळूहळू पुन्हा हिरव्या पट्ट्याच्या मधोमध येऊन बसला होता. आमच्या फेसाने त्याचं काम चोख केलं होतं, इतकं चोख की एका बापाचा हात मध्ये घ्यावा लागला होता.

घाट जवळजवळ संपला होता. धुकं विरून उसाची शेतं दिसायला लागली होती. आणि लहानू बोलायचा थांबला.

“लहानू?” निसारभाईंनी विचारलं.

बाहीतला त्याचा हात चाचपडत होता.

“बोल की रे,” सिस्टर म्हणाल्या.

“हालत नाय,” तो म्हणाला. “छाती खाली-वर व्हत व्हती, ती ऱ्हायली. ठोका हाय, पर लई सावकाश.” आणि मग एकदम त्याचा आवाज चिरकला. “सिस्टर, मी हात घातला म्हनून झालं. माझ्यामुळंच झालं.”

तो हात बाहेर काढायला गेला. सिस्टरनी मोकळ्या हाताने त्याचा दंड पकडला.

“हात काढलास तर याद राख. विसरलीय ती श्वास घ्यायला, तिला आठवण कर. पाय शोध. मोजा काढ. सापडला? तळपायाला टिचकी मार.”

“मारली.”

“जोरात मार. लाड नको करू.”

“मारली, सिस्टर.”

“पाठ चोळ आता. खालून वर. चोळ. पुन्हा टिचकी मार.”

मी कड्यांवर हात ठेवून बसले होते, उघडू की नको या विचारात. निसारभाईंचा पाय पेडलवर दाबला गेला होता. लहानूच्या कपाळावर त्या थंडीत घाम फुटला होता आणि त्याचे मिटलेले डोळे इतके आवळले गेले होते की गाल दुमडले होते. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होता, बहुतेक देवाचं नाव घेत असावा.

आणि पेटी रडली.

तो आवाज आधी अगदी दबका, भिंतीपलीकडून यावा तसा आला. मग चांगला चढला, संतापलेला, खणखणीत. रेडिओलहरींना अडवणारा आमचा फेस आवाजापुढे अगदीच लेचापेचा होता, आणि त्याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला. सिस्टर भांगरे मोठ्याने हसायला लागल्या. निसारभाईंनी एका हाताने कानाची पाळी धरली आणि अल्लाचे आभार मानले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलंही नाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

“चालू हाय,” लहानू म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी. “लई चालू हाय. लाथ मारली तिनं मला.”

“टिचक्या मारल्यास, मग लाथच मिळणार,” सिस्टर म्हणाल्या.

संगमनेरला दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, तेव्हा तिथले तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी पट्ट्या सोडायला लावल्या आणि लहानूचा हात आत असतानाच आम्ही पेटी उचलून नेली, चौघांनी चार बाजूंनी. पेटी फुलासारखी हलकी. चौघं लागत होते ते फक्त धीरासाठी. आत खोलीत ऊबदार दिव्याखाली त्यांनी पेटी ठेवली.

“तोंड फिरव, लहानू,” सिस्टर म्हणाल्या. “झाकण उघडतेय.”

त्याने मान वळवली. मग म्हणाला, “नको. ऱ्हाऊ द्या.”

“काय राहू दे?”

“बघतो मी.”

“अरे, पाचवी?”

“सिस्टर,” तो म्हणाला, “एवढा घाट उतरली ती माझ्या हातात. माझ्या हातानं तिला काय झालं नाय. मंग डोळ्यानं काय व्हनार हाय?”

सिस्टरनी झाकण उघडलं. त्याने डोळे उघडले आणि मान वळवली. मुलीचं तोंड रडून लाल झालं होतं, टोपडं एका कानावर घसरलं होतं आणि तिच्या दोन्ही भिवयांमधली कातडी आठ्यांनी भरून गेली होती. तो वाकून बघत राहिला. त्याला तिथून बाजूला करायला डॉक्टरांना दोनदा सांगावं लागलं. डॉक्टरांनी बाळाच्या अंगाला हात लावला आणि चकित होऊन आमच्याकडे पाहिलं. डोंगरातून आलेलं बाळ आणि अंग गरम, असं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं म्हणे. ती आता ठीक होईल, असं ते तपासून झाल्यावर म्हणाले. आणि झालीही. आज ती माझ्या खांद्याला लागते आणि कुणाचं काही ऐकत नाही.

पुण्याला परतल्यावर सरांनी ठोक्यांचे आकडे मागितले. आकडे नाहीत, मी सांगितलं. मग पेटी चालली हे कशावरून, त्यांनी विचारलं. चालली म्हणूनच आकडे नाहीत, मी म्हणाले. सर इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. पुढच्या पेटीत आम्ही इवल्याशा पायाला बसेल असा चिमटा आणि बाहेर काढलेली तार कायमची बसवून टाकली. हात घालायची बाही मात्र मी काढू दिली नाही.

ते सगळं नंतरचं. त्या सकाळी दवाखान्याच्या ओसरीत आलो तेव्हा माझ्या फोनला रेंज होती. मी वृंदाला फोन लावला. मंदाचा रक्तस्राव थांबला होता, ती शुद्धीवर होती आणि सारखी विचारत होती. वृंदा म्हणाली की फोन तिच्या कानाला लावते. मी माझा फोन लहानूकडे दिला.

त्याने तो दोन्ही हातांनी धरला. तिकडून मंदाने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही.

“पोचली,” तो म्हणाला. “हाय. चांगली हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मंदे, तोंड बघितलं मी तिचं.”

लहानू फोन कानाला घट्ट लावून उभा होता. मग तिने काहीतरी विचारलं असावं, कारण त्या दिवसात पहिल्यांदा तो सगळे दात दाखवून हसला.

“रागीट हाय,” तो म्हणाला. “पार तुझ्यावर गेलीय.”